गावातलं चांगलं घर कोणतं, हे गावानंच कसं ठरवायचं

आमच्या गावात तीन वर्षांआधी एक नवीन स्लॅबचं घर झालं. समोरून जांभळ्या टाइल्स, स्टीलचं रेलिंग, वर सिमेंटचे दोन घोडे. वास्तूच्या जेवणाला आलेल्या सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले, मी पण काढला. मग आला मे महिना. एक दिवस दुपारी दीडच्या सुमारास पाहतो तर त्या घराचे मालक उशी घेऊन रस्त्यापलीकडच्या म्हातारीच्या कवेलूच्या (कौलारू) घरात, सपरीत म्हणजे ओसरीत, बनियनवर पडून राहिले. म्हातारी पायरीवर तूर निवडत होती. मी सहज म्हटलं, काय काकू, पाहुणे का? तर म्हणे, "पाव्हने कायचे बावा, रोजचंच हाय. त्याइचं घर दिवाईत पाहावं अन् माह्यं उन्हायात."

तिथून डोक्यात आलं की गावात सुंदर गाव, स्वच्छ शौचालय, उत्कृष्ट बैलजोडी सगळ्याला बक्षीस आहे, पण चांगलं बांधलेल्या घराला कोणी शाबास म्हणत नाही. आणि कोणी म्हणत नाही म्हणून पुढचा माणूस जांभळ्या टाइल्सच लावतो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, आर्वीकडचं, साडेतीनशे उंबरे. आम्ही दोन वर्षं हे करून पाहिलं, पहिल्या वर्षी चांगलेच तोंडावर आपटलो. तुमच्या गावात करायचं असेल तर कसं करा ते सांगतो.

आधी बक्षिसाचं नावच काढू नका. बक्षीस म्हटलं की भावकी जागी होते. आधी फक्त फेरी मारायची. सात-आठ जण पुरतात, पण ते कोण हे महत्त्वाचं. एक जुना मिस्त्री पाहिजेच, एक सुतार पाहिजे, घर सारवणारी-पोतारणारी एक बाई पाहिजे (हिला भिंतीचं जेवढं कळतं तेवढं इंजिनिअरला कळत नाही, कुठं ओल येते कुठं पोपडा सुटतो तिच्या हाताला माहीत असतं), आशाताई किंवा अंगणवाडी सेविका पाहिजे कारण गावातल्या झाडून सगळ्या घरांच्या आत जाणारी तीच एक, आणि नववी-दहावीचे दोन-तीन पोट्टे-पोट्टी मोबाइल घेऊन. सरपंच आणि सदस्य नको. त्यांचा राग नाही, पण ते आले की लोक घर दाखवायच्या ऐवजी रस्त्याची आणि नालीची तक्रार सांगतात आणि दुपार तिथंच संपते. ज्याच्या घराची किंवा भावकीच्या घराची गोष्ट निघेल त्यानं तेवढ्या वेळ उठून बाहेर जायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नंतर ठरवाल तर ते कोणाच्या तरी विरोधात ठरवल्यासारखं होते.

आता डोळा तयार करायचा. आपल्याला चांगलं म्हणजे नवीन आणि जुनं म्हणजे गरिबी असंच शिकवलेलं आहे, त्यामुळे मंडळ सरळ गावात फिरलं तर टाइल्सच पाहून येईल. आम्ही दुसऱ्या वर्षी आधी सगळ्यांना सेवाग्रामला नेलं. शाळेच्या सहलीत गेलेले होते सगळेच, पण तेव्हा चरखा पाहिला होता, घर कोणी पाहिलं होतं? १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, आणि टपाल आपल्या बुलढाण्याच्या शेगावला जायचं म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. पहिलं घर आदि निवास. त्याला खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि सामान-मजूर इथलेच, अशी अट होती म्हणतात. बापू कुटी तर मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली, भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा मातीतच उठवलेले आहेत, ते तिनंच केलेले. आमच्या मिस्त्रीबुवांनी तिथं काय केलं असेल, तर ओसरीत उभं राहून छपराखालून बाहेर हात काढला आणि उन्हाची रेघ भिंतीपासून किती लांब पडते ते वितीनं मोजलं. मग म्हणे, "पाहा, भितीले ऊनच लागू देत नाई." बस्स, डोळा तयार झाला. गांधीजींचं म्हणणं होतं की खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानात व्हावं, आणि हे ऐकून लॉरी बेकर नावाच्या इंग्रज आर्किटेक्टनं पुढं केरळात आयुष्यभर विटा-मातीची स्वस्त घरं बांधली. जाता जाता वर्ध्याजवळच दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आहे, तिथं कुंभारानं चाकावर केलेले शंकूसारखे पोकळ कवेलू एकात एक घालून कमानीचं छत करतात, ना लाकूड ना लोखंड. ते पण पाहून घ्या. धारणीकडचे असाल तर लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र जवळ पडेल, चंद्रपूरकडचे असाल तर चिचपल्लीचं बांबूचं प्रशिक्षण केंद्र. गाडीभाडं वर्गणीतून काढा, डबे घरून.

मग गावातली फेरी. ही एकदा करून भागत नाही, दोनदा करायची. एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता आणि एकदा झड लागली असताना. या दोन वेळा सोडून केलेल्या फेरीला काही अर्थ नाही, दिवाळीत तर सगळीच घरं चांगली दिसतात.

मेच्या फेरीत घरात जाऊन नुसतं बसायचं. पाणी प्यायचं, वीस मिनिटं बसायचं, पंखा बंद करायला सांगायचा (लोक हसतात, हसू द्या). आम्ही भिंतीवर लटकवायचे दोन साधे थर्मामीटर घेऊन गेलो होतो. म्हातारीच्या सपरीत एक ठेवला आणि शेजारच्या टिनाच्या खोलीत दुसरा, अर्ध्या तासानं टिनातला पारा इतका वर होता की पोट्ट्यांना वाटलं तोच बिघडला, त्यांनी अदलाबदल करून परत ठेवले. परत तेच. असं झालं की मग वादच राहत नाही. पण थर्मामीटर नसला तरी चालते. ढोरं कुठं बसून आहेत, कुत्रं कुठं झोपलं आहे, लेकरू कोणत्या खोलीत निजवलं आहे एवढं पाहिलं तरी कळते.

म्हातारीचं घर थंड का आहे ते आम्ही नीट बसून काढलं. भिंत मातीची, हातभर जाड. पश्चिमेकडून एकही खिडकी नाही, त्या अंगाला कोठा आणि कुटाराची (ढोरांच्या सुक्या चाऱ्याची) खोली, म्हणजे दुपारचं ऊन आधी कुटार खाते मग घर. कवेलूच्या खाली बांबूचा माळा आणि त्यावर मातीचा थर, त्यामुळे छपराचा तवा डोक्यावर येत नाही. सपरी उत्तरेला. आणि वळचण इतकी खाली उतरलेली की उंच माणसाला वाकून जावं लागते, आम्ही सगळे लहानपणी तिथं डोकं आपटलेलो आहोत. ते वाकणं फुकटचं नाही हे चाळीसाव्या वर्षी कळलं.

झडीच्या फेरीत बाहेरून पाहायचं. वळचणीचं पाणी कुठं पडते, जोत्याला लागते का, अंगणातलं पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते का (गावातली अर्धी भांडणं इथूनच), न्हाणीचं पाणी कुठं जिरते, भिंतीचं पोट सुटलं का. स्लॅबच्या घरात छतावर पाणी तुंबून खालून पांढरे डाग येतात, ते पण पाहायचे. घर पक्कं आहे आणि तीन पावसाळ्यात गळते, तर पक्कं कशाचं?

काही गोष्टी फक्त बायकांनाच विचारायच्या, आणि विचारणारी पण बाईच पाहिजे. स्वयंपाकघरात धूर कोंडते का. रात्री संडासला जायला म्हाताऱ्या माणसाला किती पायऱ्या उतराव्या लागतात. पाहुणे समोरच्या खोलीत बसले तर घरातल्या बाईला मागच्या सांदवाडीत जायला दुसरा रस्ता आहे का. आणि आपल्याकडचा खास प्रश्न, कापूस कुठं ठेवता? भाव वाढायची वाट पाहत दोन-दोन महिने कापूस घरात राहतो आणि अंगाला खाज सुटते सगळ्यांच्या, लेकरं कापसावरच झोपतात. ज्या घरात कापसाला वेगळी कोरडी हवेशीर जागा बांधताना आठवणीनं काढली, त्या घराला आमच्या आशाताईनं एकटीनं उचलून धरलं. आम्हा बाप्यांपैकी कोणाच्याही डोक्यात हा मुद्दा आला नव्हता.

आता कवेलूचा विषय निघालाच तर खरं बोलायचं. जुनं ते सोनं म्हणून आरती ओवाळायची नाही. लोक कवेलू काढून टिन टाकतात ते शौक म्हणून नाही टाकत, वानरांमुळे टाकतात. एक टोळी घरावरून गेली की पन्नासेक कवेलू फुटतात, दरवर्षी मिरगाच्या आधी छप्पर फेरायला माणूस मिळत नाही, मिळाला तर चढायला घाबरतो, आणि कुंभारानं कवेलू करणं कधीच सोडलं. ज्यानं यावर काही डोकं लावलं आहे त्याचं कौतुक आधी करा. आमच्याकडे एकानं खाली टिन आणि त्यावर जुनेच कवेलू अंथरले, गळत पण नाही आणि तापत पण कमी. दुसऱ्यानं टिनाखाली बांबूचे तट्टे ठोकून वरून शेणमातीचा हात मारला. एक जण स्लॅबवर दर उन्हाळ्यात चुना मारतो आणि एका बाजूला वेल चढवतो. ही काही वाडे-हवेल्या नाहीत, पण चांगलं डिझाइन म्हणतात ते हेच, अडचण पाहून काढलेली वाट.

फक्त घरंच पाहू नका. पिंपळाचा पार, विहिरीचं जगत, हातपंपाचा ओटा, शाळेची पडवी, स्मशानातलं शेड, गोठे, सगळं यादीत घ्या. आमच्या फाट्यावर एका योजनेतून बसायचा निवारा बांधला आहे, तोंड पश्चिमेला. दुपारच्या गाडीची वाट पाहणारे लोक त्याच्या आत बसत नाहीत, मागं सावलीत जमिनीवर बसतात, आणि गाडी आली की वळसा घालून पळतात. दहा वर्षांपासून चालू आहे हे. आणि तिथून दोनशे पावलांवर कोण्या काळी कोणी बांधलेला पार आहे, बरोबर बसायच्या उंचीचा, म्हाताऱ्याला उठताना हात टेकता येते, वर सावली दिवसभर. त्याला कधी कोणी इमारत म्हटलंच नाही. जुनी पायविहीर गावात असेल तर तिची नोंद सगळ्यात आधी. दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरची विहीर पाहायला लोक लांबून येतात, आपल्या वावरात असली की आपण त्यात कचरा टाकतो.

निवड कशी करायची, तर मतदान करू नका. आम्ही पहिल्या वर्षी गावच्या ग्रुपवर पोल टाकला होता. सगळ्यात मोठी भावकी ज्याची त्याचं घर जिंकलं, तेच जांभळं, आणि वरून पुण्यात राहणाऱ्या पोरांची मतं पडली ज्यांनी ते घर आतून पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी आम्ही गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचा मार्ग धरला. तिथं गावचे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांचं पटेपर्यंत बसतात. (याच गावानं १९८०च्या दशकात सागाचं गोटुल, म्हणजे गोंडांच्या तरुण पोट्ट्या-पोट्टींचं एकत्र जमायचं घर, बांधलं, वनखात्यानं ते पाडून लाकूड नेलं, तर आजूबाजूच्या गावांनी मिळून ठरवून गावोगावी गोटुलं उभी केली. एक इमारत आपली आहे हे गावानं ठरवलं की काय होते ते यावरून समजा.) वेळ लागतो. आम्हाला चार बैठका लागल्या, एकीत तर चहा संपला आणि लोक उठून गेले. पण मागून कोणी कुरकुर केली नाही.

दोन नियम आम्ही सरळ आगा खान वास्तुकला पुरस्कारावरून उचलले. हा जगातला मोठा पुरस्कार, १९७७ पासून, दर तीन वर्षांनी देतात, आणि आपल्याच राज्यातल्या जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या कुष्ठरोग्यांच्या हॉस्पिटलला १९९८ साली मिळालेला आहे, दोन तरुण नॉर्वेजियन आर्किटेक्टनी केलेलं साधं काम. तर नियम एक, इमारत वापरात येऊन निदान वर्ष झालेलं पाहिजे. आम्ही त्याचं दोन पावसाळे केलं. नियम दोन, मान एकट्या मालकाला किंवा आर्किटेक्टला नाही, बांधणाऱ्या कारागिरालाही वाटा. हा नियम तर सोडूच नका. आपल्याकडे घरावर मालकाचं नाव असते, आईवडिलांची कृपा असते, पण मिस्त्री कोण होता हे नातवाला विचारलं तर माहीत नसते.

आता कागदाचं. हे सगळं ग्रामसभेत ठरावानं करून घ्या, नाहीतर उद्या कोणी म्हणेल तुम्ही कोण आमची घरं तपासणारे. ग्रामसभा वर्षातून चार तरी होतातच, त्यातली एक धरा, आणि सात दिवसांची नोटीस निघायच्या आधी ग्रामसेवकाला भेटून विषय अजेंड्यात टाकून घ्या, ऐनवेळच्या विषयात टाकाल तर तो रात्री उशिरा सगळे उठल्यावर येतो. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. त्याआधीच्या महिला सभेत पण मांडा, आमचा विषय खरं तर तिथंच पास झाला होता.

ठरावात एक वाक्य न चुकता लिहा: ही नोंद फक्त गौरवासाठी आहे, घरपट्टीच्या आकारणीशी, अतिक्रमणाशी किंवा कोणत्याही योजनेच्या पात्रतेशी तिचा संबंध राहणार नाही. हे का सांगतो, तर पहिल्या फेरीला आम्ही वही-टेप घेऊन निघालो आणि अर्ध्या गावानं दारं लावून घेतली. कोणाला वाटलं नमुना आठमध्ये खोल्या वाढवून टॅक्स लावणार, कोणाला वाटलं घर चांगलं दिसलं तर घरकुलाच्या यादीतून नाव कटणार. एक काका तर मुद्दाम म्हणे, "माह्यं घर लय खराब हाय, भल्लं गयते, तुमी जा पुढं." घर एकदम झकास होतं त्यांचं. टेप नंतर काढा, आधी ठराव वाचून दाखवा. आतले फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि काढलेले ग्रुपवर टाकू नका, घरात तिजोरी-कपाट कुठं आहे हे गावाला दाखवायची गरज नाही.

प्रत्येक निवडलेल्या बांधकामाचं वहीत एक पान. साल, मालक, मिस्त्री, सुतार, माती कुठून आणली, लाकूड कुठलं, काय बदल केले, आता काय दुखते. सोबत शाळेच्या पोरांनी काढलेला नकाशा, वेडावाकडा चालेल पण उत्तर दिशा पाहिजे. साल आठवत नसेल तर "बहात्तरच्या दुष्काळाआधी का नंतर, पोरगी झाली त्याआधी का नंतर" असं विचारत जा, निघते बरोबर.

द्यायचं काय? प्लास्टिकची शिल्ड नको, ती टीव्हीवर जाऊन बसते आणि दोन वर्षांत पिवळी पडते. आम्ही शहाबादी फरशीच्या तुकड्यावर नावं कोरून दाराशेजारी बसवली, कोरणारा तालुक्याच्या गावी मिळतो, कबरीचे आणि देवळाचे दगड करणारा. पण खरं बक्षीस आम्ही दुसरं ठेवलं. मिरगाच्या आधी एक रविवार गावातले पंधरा पोट्टे त्या घरी जातात आणि छप्पर फेरून देतात, फुटके कवेलू बदलून, कचरा काढून. फुटके बदलायला पडक्या घरांचे कवेलू आम्ही शाळेच्या मागं रचून ठेवलेले आहेत, कोणी घर पाडलं की ट्रॉली घेऊन पोचतो. दोन जुनी माणसं खाली उभी राहून शिव्या देत शिकवतात. यात त्या पोट्ट्यांपैकी तिघं इतके तयार झाले की आता बाजूच्या गावातून मजुरीवर बोलावणं येते.

आणि ज्याचं घरकुल मंजूर झालं आहे त्याला पाया खोदायच्या आधी हाताला धरून ही घरं दाखवा, हे काम उरलेल्या सगळ्यापेक्षा मोठं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट जागा धरलेली आहे, आणि मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार. एवढ्यात हवेली होत नाही. पण घर लाभार्थ्यानंच बांधून घ्यायचं, ठेकेदार लावायचा नाही, असं योजनेतच आहे, म्हणजे खिडकी कुठं आणि दार कुठं हे तुमच्याच हातात. लोक शेजाऱ्याचं पाहून तोंड रस्त्याकडे करतात, मग रस्ता पश्चिमेला असो की कुठं. आम्ही मागच्या वर्षी चौघांना फिरवलं. दोघांनी ऐकलं. एकानं पश्चिमेची खिडकी काढून तिथं संडास-न्हाणी घेतली, दुसऱ्यानं समोर सहा फुटांची सपरी टिकवली, जुन्या घराचेच सागाचे खांब लावून. तिसऱ्यानं जांभळ्या टाइल्स लावल्या, असो.

एक चूक मात्र आमच्याकडून दुसऱ्या वर्षीही झालीच. म्हातारीच्या घराच्या फरशीवर आम्ही मिस्त्रीचं नाव कोरलं, ते अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे, त्यांना खुर्चीवर बसवून आणलं. त्यांनी दगडावरून बोट फिरवलं, आम्हाला वाटलं आता डोळे पुसतील. तर म्हणे, "हे चुकलं. पुढची भित माही हाय. मागची माह्या भावानं बांधली, तो मेला, पर भित उभी हाय ना त्याची." फरशीवर जागाच उरली नव्हती. दुसरी कोरून आणली, सहाशे रुपये गेले. तुम्ही कोराल तेव्हा खाली दोन ओळी कोऱ्या सोडा.